इंजिन, मोटर आणि मधलं जू : विद्यार्थ्यांची हायब्रिड रेसकार कशी बनते

फॉर्म्युला वनच्या २०२६ च्या नियमांनी विजेच्या मोटरची कमाल शक्ती १२० किलोवॅटवरून ३५० किलोवॅटवर नेली. गाडीच्या एकूण जोरातला जवळपास अर्धा वाटा आता बॅटरीकडून येतो. इकडे शोरूममध्येही ग्राहकाला 'माइल्ड' आणि 'स्ट्राँग' हायब्रिड यांतला फरक समजून घ्यावा लागतो. दोन्हीकडे प्रश्न तोच पडतो : इंजिन असताना मोटर कशाला, आणि मोटर असताना इंजिन कशाला? याचं हाताने चाचपून पाहता येईल असं उत्तर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या एकआसनी रेसकारमध्ये मिळतं. तिथे झाकणाखाली लपलेलं काही नसतं. चेन, तारा, पाइप, बॅटरीची पेटी सगळं समोर दिसतं आणि प्रत्येक गोष्ट तिथेच का बसवली, याचं कारण परीक्षकाला द्यावं लागतं.

इंजिन बाजारात मिळतं. मोटर मिळते, बॅटरीचे सेलही मिळतात. या सगळ्यांना एकत्र चालवणारा सांधा मात्र कुठे विकत मिळत नाही, तो संघाला स्वतः बनवावा लागतो. गाडी अडते ती बहुतेक वेळा तिथेच.

## स्पर्धा कसली असते?

विद्यार्थ्यांनी छोटी रेसकार स्वतः आखायची, बांधायची आणि पळवायची ही परंपरा अमेरिकेत १९८१ मध्ये टेक्सासला सुरू झालेल्या फॉर्म्युला एसएईची. तिथूनच युरोपातल्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धा आल्या आणि आपल्याकडे कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत आली. हायब्रिडसाठीची वेगळी स्पर्धा, फॉर्म्युला हायब्रिड, डार्टमथ कॉलेजच्या थेअर स्कूल ऑफ इंजिनिअरिंगने सुरू केली. पहिली स्पर्धा २००७ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या लाउडन इथल्या मोटर स्पीडवेवर झाली. पुढे तिच्यात निव्वळ विजेच्या गाड्यांनाही जागा मिळाली.

गुण फक्त वेगाचे नसतात. आराखडा आणि प्रकल्पाचं नियोजन यांचे गुण असतात, ७५ मीटरच्या सरळ पट्ट्यावर वेग घेण्याचे असतात, वळणावळणाच्या एका फेरीचे असतात आणि ४४ किलोमीटरच्या लांब शर्यतीचे असतात. शेवटच्या शर्यतीत एक मोठी अट आहे. पेट्रोल आणि बॅटरी मिळून एकूण ऊर्जा ठरवून दिलेली असते. बॅटरी जितकी मोठी, तितकं पेट्रोल कमी मिळतं. गाडीचा सगळा आराखडा या अटीभोवती फिरतो.

## हायब्रिडचे दोन मुख्य प्रकार

इंजिनाने फक्त जनित्र फिरवायचं, वीज बनवायची आणि चाकं मोटरनेच ओढायची, ही झाली सिरीज रचना. इंजिन आणि मोटर दोघांनीही चाकांना थेट जोर द्यायचा, ही पॅरलल रचना. सिरीज रचनेत यांत्रिक गुंता कमी असतो, पण पेट्रोलची ऊर्जा आधी विजेत आणि मग पुन्हा फिरण्यात बदलते. प्रत्येक बदलात थोडी गळती होते, शिवाय जनित्राचं वजन वाढतं. छोट्या, हलक्या रेसकारसाठी पॅरलल रचना बरी पडते, असं आमचं मत आहे. यापुढचं सगळं तिच्याचबद्दल.

पॅरलल रचना म्हणजे वेगवेगळ्या चालीचे दोन बैल एका जुवाला जुंपणं. मोटर थांबल्या जागेवरून पूर्ण जोर देते. इंजिनाला आधी फेरे चढवावे लागतात, मगच त्याचा जोर लागतो. बैल दोन्ही दमदार असले, तरी जू नीट बसलं नाही तर एक दुसऱ्याला मागे खेचतो.

आकड्यांसाठी एक नमुना गाडी धरू. चालकासह वजन ३०० किलो, मागच्या चाकांना एक सिलिंडरचं २५० सीसी मोटरसायकल इंजिन आणि साधारण १५ किलोवॅटची मोटर. फॉर्म्युला हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनाची मर्यादा २५० सीसीचीच आहे.

## चेन दोन, अ‍ॅक्सल एक

मागच्या अ‍ॅक्सलवर डिफरन्शियल असतो, तो वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. त्याला दोन स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, बसवायचे : एकाला इंजिनाच्या गिअरबॉक्सकडून येणारी चेन, दुसऱ्याला मोटरकडून येणारी. कागदावर हे सोपं दिसतं. पण चेन वापरात ताणते आणि तिचा ताण पुन्हा जुळवावा लागतो. एका चेनसाठी डिफरन्शियल मागे सरकवला की दुसरीचा ताण बिघडतो. म्हणून आधी डिफरन्शियल सरकवून इंजिनाची चेन जुळवायची आणि मग मोटर तिच्या पाटीवरच्या लांबट भोकांत सरकवून दुसरी जुळवायची, असा क्रम आराखड्यातच ठरवावा लागतो. मोटर घट्ट भोकांत पक्की बसवलेली असेल, तर स्पर्धेच्या मैदानावर ग्राइंडर शोधायची वेळ येते.

आता मोटरचा गिअर रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे किती फेरे. टायरचा व्यास ५२ सेंटिमीटर धरला, तर एका फेऱ्यात गाडी १.६३ मीटर जाते. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण १,०२० फेरे मारतं. मोटरची मर्यादा ४,५०० फेरे असेल, तर रेशो ४.४ च्या पुढे नेता येत नाही. मोटरला १२ दात्यांचा आणि अ‍ॅक्सलला ५३ दात्यांचा स्प्रॉकेट लावला की हा रेशो मिळतो. पुढचा स्प्रॉकेट १२ दात्यांपेक्षा लहान घेतला, तर चेन धक्के देत फिरते आणि लवकर झिजते.

सुरुवातीचा झटका वाढावा म्हणून रेशो ६ करायचा मोह होतो. मग ४,५०० फेरे ताशी ७३ किलोमीटरलाच संपतात. त्यानंतर इंजिन गाडी पुढे नेतच राहतं आणि मोटर जबरदस्तीने जास्त फिरते. कायमचुंबकाची मोटर फिरली की आपोआप वीज बनवते, आणि फेरे वाढले की तिचं व्होल्टेजही वाढतं. ते मोटरला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरच्या मर्यादेवर गेलं तर आतले ट्रान्झिस्टर जळतात. निव्वळ विजेच्या गाडीत हा धोका फारसा येत नाही, कारण तिथे मोटरशिवाय गाडीला पुढे ढकलणारं कुणी नसतं.

मोटर आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये एकाच दिशेने अडकणारा फ्रीव्हील क्लच बसवला तर? मोटर बंद असताना तिचं ओझं चाकांवर येत नाही हे खरं, पण ब्रेक लावताना चाकांकडून मोटर फिरवून वीज परत मिळवण्याची वाटही बंद होते.

दोन्ही चेनवर पोलादी कवच हवं : किमान २.६६ मिलिमीटर जाड आणि चेनच्या तिप्पट रुंद. तुटलेली चेन चालकाच्या पाठीमागे फक्त वीतभर अंतरावर असते.

## बॅटरी किती मोठी?

दोन शब्द नीट वेगळे ठेवावे लागतात. ऊर्जा म्हणजे एकूण साठा, तो किलोवॅट-तासात मोजतात. शक्ती म्हणजे तो साठा किती वेगाने बाहेर काढता येतो, ती किलोवॅटमध्ये. हायब्रिडच्या बॅटरीकडून मुख्य मागणी शक्तीची असते.

१८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल घ्या : ३.६ व्होल्ट, २.६ अँपिअर-तास, २५ अँपिअरपर्यंत प्रवाह, वजन ४७ ग्रॅमच्या आसपास. असे २८ सेल एकामागोमाग जोडले की साधारण १०० व्होल्ट मिळतात. पूर्ण चार्ज असताना ते ११७.६ व्होल्टपर्यंत जातात. प्रत्येक टप्प्यावर ६ सेल समांतर ठेवले की १५० अँपिअर निघतात. एकूण सेल १६८, साठा सुमारे १.५७ किलोवॅट-तास आणि सेलचं वजन ८ किलोच्या आत. पेटी, बसबार (जास्त प्रवाह नेणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्या), फ्यूज, इन्सुलेशन आणि काँटॅक्टर, म्हणजे मोठे रिले, धरून पूर्ण पॅक साधारण दुप्पट भरतो. पहिल्या आराखड्यात बहुतेक संघ हे दुसरं वजन धरतच नाहीत.

कागदावर १०० व्होल्ट गुणिले १५० अँपिअर म्हणजे १५ किलोवॅट. पण जोडण्यांसकट प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध २० मिलिओहम धरला, तर पूर्ण पॅकचा रोध ०.०९३ ओहम होतो. १५० अँपिअरला १४ व्होल्ट आतच खर्ची पडतात. मोटरपर्यंत १३ किलोवॅट पोचतात आणि उरलेले २.१ किलोवॅट सेल तापवतात.

पूर्ण प्रवाह सतत चालत नसतो. शर्यतीत उष्णतेच्या हिशेबाने सरासरी ६० अँपिअर धरा. तरी ३३६ वॅट उष्णता निर्माण होते. ८ किलो सेल त्यामुळे मिनिटाला पावणेतीन अंशांनी तापतात. वारा नसेल, तर ३० अंशांवरून ६० ची मर्यादा गाठायला अकरा मिनिटं पुरतात आणि ४४ किलोमीटरची शर्यत तासाभराच्या घरात जाते. म्हणून दोन सेलच्या मध्ये दोन-अडीच मिलिमीटर फट, पंखा आणि हवा आत-बाहेर जायची आखीव वाट लागते. तापमानाचे सेन्सर कडेच्या सेलना लावणं सोपं असतं, पण तापतात ते मधले. कडेचा सेन्सर ४८ अंश दाखवत असताना मधले ६० ओलांडून गेलेले असू शकतात.

आणखी एक नेहमीची चूक सेल जोडणाऱ्या पट्टीची. ०.१५ मिलिमीटर जाड आणि ८ मिलिमीटर रुंद निकेलची पट्टी सतत ५ ते ७ अँपिअर सोसते, आपण तिच्याकडून २५ मागतो. पट्टी तापते, स्पॉट वेल्ड सुटतो, एका सेलचा भार उरलेल्या पाचांवर पडतो आणि बिघाड पसरत जातो. तांब्याची पट्टी आणि तिच्यावर निकेल हा टिकाऊ मार्ग आहे. प्रत्येक सेलला बारीक फ्यूजही हवा. समांतर सहांपैकी एक सेल आतून शॉर्ट झाला, तर बाकीचे पाच त्याच्यातच रिकामे होतात.

## ब्रेक लावून बॅटरी भरते ना?

भरते, पण जाहिरातींवरून वाटतं तितकी नाही. आपली ३०० किलोची गाडी ताशी ६० वर असताना तिच्यात ११.६ वॅट-तास गतिज ऊर्जा असते. वेग ६० वरून ३० वर आणला की तिच्यातले ८.७ वॅट-तास मोकळे होतात. एक किलोमीटरच्या फेरीत असे आठ ब्रेक धरले, तर साधारण ७० वॅट-तास.

मोटर मागच्या चाकांनाच जोडलेली आहे. जोरदार ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे सरकतो : मागच्या चाकांवर १६५ किलो होते, तिथे सुमारे १०७ उरतात. ब्रेकचा ३५ टक्के वाटा मागच्या चाकांकडे राहतो, म्हणजे ७० पैकी २४ ते २५ वॅट-तास. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी यांतली गळती वजा केली की हाती १८. गाडी किलोमीटरला १३० वॅट-तास खात असेल, तर हे १४ टक्के झाले.

तेही बॅटरीने घेतले तर. ६० वरून ३० वर यायला जेमतेम ०.८५ सेकंद लागतो. तेवढ्यात मागच्या चाकांकडून १३ किलोवॅट येतात. आपला पॅक तासाभरात भरण्याच्या पाचपट वेगाने चार्ज केला तरी ८ किलोवॅटपर्यंतच घेतो. यासाठी काही संघ बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर वापरतात. ४८ व्होल्ट, १६५ फॅरडच्या एका मॉड्यूलमध्ये ५२.८ वॅट-तास मावतात, व्होल्टेज निम्म्यावर येईपर्यंत त्यातले ३९.६ काढता येतात, आणि ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत भरतात. साठा मात्र फारच थोडा, एका फेरीलाही अपुरा. ऊर्जा ठरवून दिलेल्या शर्यतीत हे १४ टक्के जिंकण्या-हरण्याइतके मोठे असतात. पण रीजनवर, म्हणजे ब्रेकमधून परत मिळणाऱ्या विजेवर, विसंबून बॅटरी लहान घेणाऱ्या संघाचा हिशेब चुकतो.

आणखी एक धोका. मोटरने मागच्या चाकांवर फार जोरात ब्रेक लावला, तर ती चाकं घसरतात आणि गाडी गिरकी घेते. म्हणून रीजनचा जोर आधी अगदी कमी ठेवायचा आणि कोरड्या, मोकळ्या जागेत थोडा-थोडा वाढवायचा.

## स्विच दाबला आणि भडका, असं होऊ नये म्हणून

कंट्रोलरच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात, धरा १,००० मायक्रोफॅरड. ते रिकामे असताना बॅटरी थेट जोडली, तर क्षणभर हजारभर अँपिअर वाहतात आणि काँटॅक्टरचे संपर्क एकमेकांना वेल्ड होतात. मग आणीबाणीत तो उघडतच नाही. म्हणून आधी १०० ओहमच्या रोधातून कपॅसिटर भरायचे. प्रवाह १.२ अँपिअरच्या पुढे जात नाही. ०.२३ सेकंदात व्होल्टेज ९० टक्क्यांवर येतं, अर्ध्या सेकंदात जवळजवळ पूर्ण भरतं, मग मुख्य काँटॅक्टर लावायचा. याला प्रीचार्ज म्हणतात. नुसता टायमर ठेवून भागत नाही. रोध तुटलेला असला तरी टायमर आपला वेळ संपवून काँटॅक्टर लावतोच. व्होल्टेज प्रत्यक्ष मोजूनच पुढचं पाऊल टाकायचं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. बंद केल्यावर ५ सेकंदांत व्होल्टेज ६० च्या खाली यावं लागतं. २ किलोओहमचा रोध हे काम १.४ सेकंदात करतो, पण गाडी चालू असताना तो सतत ७ वॅट तापतो. एका वॅटचा रोध लावला, तर स्पर्धेच्या आधीच जळून गेलेला असतो आणि कुणाला कळतही नाही.

## सुरक्षेची साखळी

काँटॅक्टर धरून ठेवणारा १२ व्होल्टचा प्रवाह एकाच तारेतून, अनेक स्विचमधून फिरत येतो. दोन्ही बाजूंची आणि चालकापुढची लाल बटणं, टक्कर ओळखणारा स्विच, ब्रेक पेडल मर्यादेपलीकडे गेलं तर उघडणारा स्विच, सेलचं व्होल्टेज आणि तापमान पाहणारी बीएमएस, आणि उच्च व्होल्टेज गाडीच्या सांगाड्याकडे गळतंय का हे पाहणारा इन्सुलेशन मॉनिटर. यातलं एक जरी उघडलं, तरी बॅटरी सुटी होते.

इन्सुलेशन मॉनिटरची मर्यादा दर व्होल्टला ५०० ओहम, म्हणजे आपल्या गाडीत सुमारे ५९ किलोओहम. पावसाच्या चाचणीत गाडीवर १२० सेकंद पाणी फवारतात आणि पुढची १२० सेकंद थांबतात. कनेक्टरमध्ये एक थेंब शिरला तरी मॉनिटर गाडी बंद करतो. कार्बन फायबर वीज वाहतं, हेही लक्षात ठेवायला हवं. त्याचा पत्रा घासताना उडालेली धूळ पेटीत गेली, तर कोरड्या हवेतही गळती दिसते.

साखळीची अडचण अशी की ती तुटली हे कळतं, कुठे तुटली ते कळत नाही. प्रत्येक स्विचनंतर एक छोटा एलईडी लावला, तर शोध मिनिटात संपतो. तो नसेल तर दुपार जाते. खर्च काहीशे रुपयांचा आहे आणि आमच्या मते अख्ख्या गाडीत यापेक्षा मोलाची वस्तू नाही.

पेटी उघडताना नियम कडक असतात. दोन जण हजर असल्याशिवाय काम करायचं नाही. १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे आणि त्यावर चामड्याचे घालायचे. अंगठी, कडं, घड्याळ उतरवून ठेवायचं. इन्सुलेशन असलेले पाने वापरायचे. आणि मीटरने ६० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री झाल्याशिवाय काहीही सोडवायचं नाही. प्रत्येक संघात या कामाला एक जबाबदार माणूस नेमलेला असतो. त्याने नाही म्हटलं की काम थांबतं, मग शर्यत तासाभरावर आलेली का असेना.

## फक्त हायब्रिडलाच होणारे आजार

इंजिन चांगलं चालतं आणि मोटरही चांगली चालते. दोन्ही एकत्र सुरू केली की गाडी बंद पडते. याची तीन कारणं पुन्हा पुन्हा समोर येतात.

पहिलं, स्टार्टर. तो क्षणभर शंभरच्या आसपास अँपिअर ओढतो आणि १२ व्होल्टची बॅटरी ९ च्या आसपास येते. काँटॅक्टर सुटतात, बीएमएस नव्याने सुरू होते आणि साखळी तुटते. भाराखाली काँटॅक्टर सुटला की ठिणगी पडते आणि त्याचं आयुष्य दर वेळी कमी होतं. उपाय : नियंत्रणाच्या विजेसाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवा, किंवा आधी इंजिन सुरू करून मगच उच्च व्होल्टेज जोडा.

दुसरं, ठिणगीचा गोंगाट. स्पार्क प्लगला हजारो व्होल्ट लागतात आणि त्या लहरी शेजारच्या तारांत शिरतात. बीएमएस आणि कंट्रोलर ज्या कॅन नावाच्या दुतारी वाहिनीवर बोलतात, तिथे संदेश बिघडतात. या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या हव्यात, इग्निशन कॉइलपासून लांब हव्यात आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध हवा. सगळं बंद असताना मीटरने मोजलं की ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोध राहून गेलाय, ४० दिसले तर कुणीतरी तिसरा बसवलाय. प्लगही रोध असलेलाच घ्यावा.

तिसरं, कंप. एक सिलिंडरचं इंजिन ९,००० फेऱ्यांवर सेकंदाला दीडशे धक्के देतं. बसबारचे नट सैल होतात, सैल जोड तापतो. बीएमएसची केसासारखी बारीक तार तुटली की सेल शून्य व्होल्टचा दिसतो आणि गाडी जागीच थांबते. प्रत्येक नट ठरलेल्या टॉर्कला आवळून त्यावर रंगाची रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. तारांना जोडापाशी थोडी ढील ठेवून क्लिपने धरायचं.

यांच्या जोडीला सायलेन्सरचा पाइप असतोच. बॅटरीची पेटी आणि तापलेला पाइप यांच्यात कवच आणि हवेची फट दोन्ही लागतात. नुसतं कवच काही वेळाने स्वतःच तापतं.

## पेडल एक, मालक दोन

चालक एकच पेडल दाबतो. किती जोर इंजिनाने द्यायचा आणि किती मोटरने, हे नियंत्रक ठरवतो. पेडलवर दोन सेन्सर असतात. त्यांच्या आकड्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक १०० मिलिसेकंदांहून अधिक टिकला, तर मोटर बंद. ब्रेक दाबलेला असताना पेडलही २५ टक्क्यांच्या पुढे असेल तरी बंद, आणि ते ५ टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही.

वाटणीचं सूत्र सुरुवातीला अगदी साधं ठेवावं. वळणातून बाहेर पडताना इंजिनाचे फेरे खाली असतात, तिथे मोटर पुढे येते. गिअर बदलताना इंजिनाचा जोर क्षणभर तुटतो, ती फट मोटर भरते. सरळ पट्ट्यावर इंजिन एकटं पुरतं.

ऊर्जेचा हिशेब आता जुळवून पाहू. ४४ किलोमीटर गुणिले १३० वॅट-तास म्हणजे साधारण ५.७ किलोवॅट-तास. बॅटरीतले वापरता येण्याजोगे १.२५ वजा केले की ४.४ उरतात. पेट्रोलपासून चाकापर्यंत २२ टक्के ऊर्जा पोचते असं धरलं, तर २० किलोवॅट-तासांचं, म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल. बॅटरी शेवटच्या फेरीला रिकामी व्हावी, आधी नाही आणि नंतरही नाही. भरलेली बॅटरी घेऊन रेषा ओलांडणारी गाडी उगीचच हळू पळालेली असते.

## मग सरळ इलेक्ट्रिकच का नको?

हा आक्षेप रास्त आहे. जगभरात बरेच संघ तिकडेच वळलेत. आयआयटी बॉम्बे रेसिंगसारख्या संघाने विजेची गाडी ब्रिटनच्या फॉर्म्युला स्टुडंटपर्यंत नेली. निव्वळ वेग हवा असेल, तर तो मार्ग सोपा आणि बहुतेकदा वेगवानही आहे.

तरीही पेट्रोलच्या एका किलोत साधारण १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि चांगल्या सेलच्या एका किलोत पाव. इंजिन त्यातलं पाऊणहून अधिक वाया घालवतं, हे मान्य करूनही पेट्रोल दहापट पुढे राहतं. लांब पल्ला आणि जड भार यांच्यासाठी दोन्हींचा मेळ घालणारा इंजिनिअर अजून बरीच वर्षं लागणार आहे. आणि बॅटरी, काँटॅक्टर, इन्सुलेशन, कॅन हे सगळं तो इलेक्ट्रिक गाडीवाल्याइतकंच शिकतो.

दुसरा आक्षेप असा की सगळं तयार आणून जोडता येईल. तयार बीएमएस आणि कंट्रोलर घ्यावेच, पहिल्या वर्षी ते स्वतः बनवण्यात शहाणपण नाही. पण कंट्रोलरची प्रवाहाची मर्यादा, बीएमएसची मर्यादा आणि फ्यूजचा आकडा एकमेकांशी जुळवायचं काम संघाचंच. कंट्रोलर २०० अँपिअर मागत असेल आणि बीएमएस १५० ला तोडत असेल, तर प्रत्येक पूर्ण पेडलला गाडी मरते आणि दोष मात्र मोटरला दिला जातो.

## पहिल्या वर्षी काय जमतं?

अमेरिकेतलं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि स्पर्धा वसंत ऋतूत येते. तेवढ्यात चासी, बॅटरी, इंजिन आणि दोन्हींचा मेळ हे सगळं नव्या संघाला क्वचितच झेपतं. ही अडचण ओळखूनच फॉर्म्युला हायब्रिडमध्ये 'हायब्रिड इन प्रोग्रेस' असा वेगळा गट ठेवला आहे. पहिल्या वर्षी फक्त विजेवर चालणारी गाडी आणायची, पुढच्या वर्षी तिच्यात इंजिन बसवायचं.

या मार्गाने जायचं असेल, तर इंजिनाची जागा पहिल्याच दिवशी सोडावी लागते. इंजिन बसवायचे कान सांगाडा जिगवर, म्हणजे त्याला पक्कं धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, असतानाच वेल्ड करून घ्यावेत, कारण नंतरच्या वेल्डिंगच्या उष्णतेने नळ्या ओढल्या जातात आणि सस्पेन्शनचे बिंदू हलतात. डिफरन्शियलवर दुसऱ्या स्प्रॉकेटची जागा, पेट्रोलच्या टाकीपुढची आगरोधक भिंत आणि सायलेन्सरची वाट बॅटरीची पेटी बसवण्याआधी आखायची. वायरिंगमध्ये इंजिनासाठी दोन-चार रिकामे कनेक्टर ठेवायचे. वजनाच्या तक्त्यात न बसवलेल्या इंजिनाचेही किलो धरायचे आणि स्प्रिंग त्या वजनाला पुरतील अशा निवडायच्या. गाडी मैदानावर नेण्याआधी चाकं जमिनीपासून वर उचलून, आधी फक्त मोटर, मग फक्त इंजिन आणि शेवटी दोन्ही, या क्रमाने ती चालवून पाहायची. तिसऱ्या टप्प्याला निदान दोन आठवडे राखून ठेवावेत.